नोराकाकू आणि जावेनं केलेला खून

जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं की नोराकाकू आधी आमच्या ओटीवर यायची आणि ते माझ्या आईच्या हातात द्यायची. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. काकूला तीच मोठी सोय वाटायची.

"ताई, शेवटचं पान हाय का बघ गं," असं म्हणून ती स्वतः तोंड फिरवायची आणि आमच्या शेवग्याच्या झाडाकडे बघत उभी राहायची.

आई चष्मा लावून पानं चाळायची. "हाय की."

"खाली जागा कोरी हाय?"

"अर्धं पान कोरं हाय."

"मंग गोष्ट पुरी हाय," म्हणत काकू वळायची आणि पुस्तक छातीशी धरून घरी पळायची.

तिला खुनाच्या गोष्टींचं वेड होतं. रद्दीतून आलेल्या पुस्तकांची शेवटची पानं बऱ्याचदा गेलेली असतात, आणि खुनी कोण हे न कळता संपलेलं पुस्तक म्हणजे दाढेत अडकलेलं कणसाचं साल. पण स्वतः शेवटचं पान बघायला जावं तर खुन्याचं नावच डोळ्यांत शिरायचं. म्हणून तिला इंग्रजी न वाचणारा भरवशाचा माणूस हवा होता. "तुझ्या आईसारखं इंग्रजी न येनारं मानूस साऱ्या तालुक्यात नाय," असं ती मला कौतुकानं सांगायची. आईलाही ते कौतुकच वाटायचं.

काकू आयर्लंडची, तिथल्या समुद्राकाठच्या एका लहान गावातली. आमच्या वस्तीतले सुधाकर गायकवाडकाका बोटीवर इंजिनिअर होते. त्यांची बोट एकदा तिथल्या बंदरात दुरुस्तीला अडकली. बोट महिन्याभरात सुटली, काका मात्र कायमचे अडकले, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुंभिवलीच्या अलीकडे, आमच्या घराला लागून, वडिलांच्या जागेवर घर बांधलं आणि बायकोला घेऊन आले. विहारात पहिल्यांदा वंदनेला जायच्या दिवशी तिला पांढरी साडी माझ्या आईनं नेसवली. तेव्हापासून दोघींचं जमलं. मराठीही ती आईकडूनच शिकली. त्यामुळे मी पतपेढीत नोकरी करणारी म्हणून 'आहे-नाही' बोलायची, आणि ही गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची बाई 'हाय-नाय' बोलायची. आई तिला 'नोरे' म्हणायची आणि ती आईला 'ताई'.

सुरुवातीला आई आमच्या बाबांना 'अहो' म्हणते हे तिनं ऐकलं आणि तिला वाटलं, हे लाडाचं नाव असावं. तीही काकांना 'अहो' म्हणू लागली. एकदा एसटीत एका बाईनं कंडक्टरला "अहो, दोन खोपोली" म्हटलं, तेव्हा काकूनं त्या बाईकडे आणि मग कंडक्टरकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना. उतरल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुजाते, त्या दोघांचं काय चाललंय?"

येताना तिनं कपडे एका पेटीत आणि पुस्तकं दोन पेट्यांत आणली होती. पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं दोन्ही पेट्या फस्त केल्या. झाकण उघडलं तर आत माती. काकू तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "खाल्ली तर खाल्ली. त्यांना पन शेवट कळला असंल."

काकांनी तिला मोबाइलवर पुस्तकं घालून दिली. पण झोपून वाचताना मोबाइल नाकावर पडतो, अशी तिची तक्रार. मग काका म्हणाले, ऑनलाइन मागवू, दारात येतील. त्यावर तिनं जे उत्तर दिलं तेच तिचं सगळं आयुष्य होतं. "मागवलं की येतं. त्यात शिकार कुटं हाय?"

आणि शिकारीला आमच्याकडे रान कमी नव्हतं, हे मला तिच्यामुळे कळलं. रसायनीतल्या कंपन्यांच्या कॉलनीत साहेब लोकांच्या बदल्या होत. बदली झाली की घरातली इंग्रजी पुस्तकं भंगारवाल्याकडे जात. शिळफाट्याच्या भंगारवाल्यानं तिला पत्र्याच्या शेडमध्ये मोकळी सोडली होती. ती पंख्यांच्या पात्यांवरून, सायकलींच्या सांगाड्यांवरून चढत जायची आणि हातात दोन पुस्तकं घेऊन, केसांत जळमटं माळून परत यायची. तो तिला 'मावशी' म्हणे आणि लोखंड घेणाऱ्या गिऱ्हाइकांना दम देई, "तिकडं नका जाऊ, मावशी वाचतेय."

माझं काम फक्त तिला स्कूटीवर मागं बसवून न्यायचं.

तर असेच एकदा आम्ही शिळफाट्याला गाडीवर कांदाभजी खात होतो. काकूनं शेवटचं भजं तोंडात टाकलं, कागद फेकायला उचलला आणि तो डोळ्यांजवळ नेला. कागद तेलानं पारदर्शक झाला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत शिरली होती. तरी तिनं तो उन्हाकडे धरून वाचला. मग ती तरातरा गाडीपाशी गेली.

"भाऊ, ती म्हातारी मेली. फुडं काय झालं?"

भजीवाल्याच्या हातातला झारा थांबला. "कोन म्हातारी?"

"चहातनं इख घातलं तिला!"

"मावशी, मी चहा इकत नाय," तो बिचारा म्हणाला.

मी मध्ये पडले आणि समजावलं. त्यानं गाडीला तारेत ओवलेला पानांचा गठ्ठा दाखवला. पुस्तकाची शिवण उसवलेली होती. सुरुवातीची पानं सकाळच्या गिऱ्हाइकांनी नेली होती, शेवटची आदल्या दिवशीच्या. मधला भाग तेवढा शिल्लक होता. काकूनं तो हट्टानं घेतला आणि त्या बदल्यात मी दुसऱ्या दिवशी पतपेढीतली जुनी वर्तमानपत्रं त्याला नेऊन दिली.

त्या मधल्या पानांनी आमच्या आळीचा आठवडा खाल्ला. एका मोठ्या बंगल्यातल्या श्रीमंत म्हातारीला चहातून विष दिलेलं. घरात भाचा, डॉक्टर, माळी आणि म्हातारीची जाऊ. काकू रोज दुपारी ओटीवर बसून थोडं थोडं सांगायची. बायका तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या. पानं संपल्यावर खुनी कोण यावर मतं घेतली. काकांनीही खिडकीतून हात वर करून डॉक्टरला मत दिलं. आईचा निकाल मात्र ठाम होता.

"जावेनं मारलं."

"कशावरनं, ताई?"

"चहा कुनी आनला? तिनं. सोता प्याली? नाय. अजून काय पायजे? आन म्हातारीचे दागिने कुनाला मिळनार? मला बंगल्याचं सांगू नको, जाऊ ती जाऊच."

बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीला आपापली जाऊ आठवली असावी. निकाल झाला.

गोष्ट इथंच थांबली असती. पण कर्जतजवळ नदीच्या अंगाला मुंबईच्या सबनीस कुटुंबाचं फार्महाउस आहे. कुठल्याशा समारंभात सबनीसांना कळलं की इथं एक आयरिश बाई राहते, आणि त्यांनी तिला रविवारच्या जेवणाला बोलावलं. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी नेलं. बंगला देखणा होता. दिवाणखान्यात छतापर्यंत गेलेलं पुस्तकांचं कपाट. सबनीसांच्या पत्नी, अनघाताई, कौतुकानं म्हणाल्या की सजावटकारानं सगळी पुस्तकं रंगांप्रमाणे लावली आहेत. खाली निळी, मग हिरवी, वर पिवळी, अगदी इंद्रधनुष्य.

काकूचं लक्ष इंद्रधनुष्याकडे नव्हतं. वरच्या पिवळ्या रांगेत तिला एक नाव दिसलं होतं. भज्याच्या कागदावर, पानाच्या डोक्याशी छापलेलं होतं तेच.

"ते पुस्तक वाचायला द्याल का?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते दुसरं मागवून देते," अनघाताई हसून म्हणाल्या. "पण तिथलं काढलं की फट पडते हो. लगेच डोळ्यात येते."

परत येताना काकू स्कूटीवर मागं गप्प होती. ती गप्प असली की मला धडकी भरायची. पळसदरीच्या वळणावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुजाते, फटच पडायला नको ना?"

आता दर रविवारी जेवायचं बोलावणं असे. पुढच्या रविवारी तिच्या पिशवीत पिवळ्या घोटीव कागदाचं कव्हर घातलेलं, नेमकं तेवढ्याच जाडीचं पुस्तक होतं. आत रसायनीच्या कुठल्याशा कारखान्यातली बॉयलरच्या सुरक्षेची नियमावली होती, भंगारवाल्याकडची. पाठीवर नाव तिनं स्वतः सुबक अक्षरांत रंगवलं होतं. सगळे बागेत आंबा बघायला गेले तेव्हा ही शिडीवर चढली, आणि मी दारात उभी राहून खोकायचं काम केलं. खोलीत फक्त सबनीसांच्या आई होत्या, चाकांच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन. त्यांना वर्षापूर्वी लकवा झाला होता. हवा चांगली म्हणून त्यांना इथं आणून ठेवलं होतं. आठवडाभर सोबतीला एक नर्स असे. त्या बोलत नाहीत, त्यांना फारसं समजतही नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. प्रत्येक जेवणाला त्या अशाच कपाटाकडे तोंड करून बसलेल्या असत.

पुस्तक एका रात्रीत संपलं. सकाळी काकू आली ती पायांत चप्पल न घालता.

"ताई, माळ्यानं मारलं."

आई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि कमरेवर हात ठेवले. "माळ्यानं? त्याचा काय संबंध? नोरे, लिवनाऱ्याला काय कळतंय गं घरातलं?"

काकूलाही ते पटलं. तिनं पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानावर, खालच्या कोऱ्या जागेत, इंग्रजीत लिहून टाकलं: लेखक चुकला आहे. खून जावेनं केला. कुंभिवलीच्या बायकांचा निकाल.

मग ते पिवळं पुस्तक काकांना उशीखाली सापडलं. कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं आणि तिनं मोठ्या फुशारकीनं सगळं सांगितलं. मी तिथंच होते. मला वाटलं, काका हसतील; ते तिच्या प्रत्येक उचापतीला हसायचे. ते हसले नाहीत. पुस्तक चादरीवर ठेवून म्हणाले, "नोरा, तुला हे खेळ वाटतं. तुला कुणी पकडलं तर लोक म्हणतील, बाई गमतीदार आहे. पण आडनाव माझं लागतं. गायकवाडाच्या घरात बंगल्यातलं चोरलेलं सापडलं, एवढंच उरेल. माझ्या बापाला एकदा विहिरीचा दोर चोरल्याचं बोलले होते. दोर सापडला नंतर. बोलणं तसंच राहिलं."

काकूनं पुस्तक उचलून पिशवीत घातलं. दुपारी ओटीवर आली नाही. संध्याकाळी आई भाजी घेऊन गेली, तर ती मागच्या पायरीवर बसली होती. आईला म्हणाली, "मला हे ठावंच नव्हतं, ताई. इतकी वर्सं राहिले ह्याच्यासंगं."

रविवारी तिनं स्वतःच मला उठवलं. पुस्तक जागच्या जागी ठेवून यायचं होतं. काका यायला निघाले, तर तिनं त्यांना दटावून घरी बसवलं.

बंगल्यावर त्या दिवशी पाहुणे जास्त होते. तरी जेवणं आटोपता आटोपता दिवाणखाना रिकामा झाला आणि ती शिडीवर चढली. बॉयलरची नियमावली बाहेर काढली, खरं पुस्तक आत सारणार एवढ्यात अनघाताई मिठाईचं तबक घेऊन आत आल्या. मी खोकले, पण मला उशीर झाला होता. काकूच्या दोन्ही हातांत एकेक पिवळं पुस्तक होतं.

"हे काय चाललंय?" अनघाताईंनी तबक ठेवलं आणि नियमावली हातात घेऊन उघडली. "'बॉयलरजवळ तंबाखू खाऊ नये'? हे माझ्या कपाटात?" मग त्यांनी दुसरं ओढून घेतलं, शेवटचं पान पाहिलं आणि तिथलं पेन्सिलीतलं मोठ्यानं वाचलं. तोवर सबनीस आणि दोन-तीन पाहुणे दारात जमले होते. कुणीतरी हसलं. अनघाताईंचा चेहरा लाल झाला. "आम्ही तुम्हाला जेवायला बोलावतो, आणि तुम्ही घरातल्या वस्तू चोरता?"

काकू शिडीवरून खाली उतरली. साडीचा पदर नीट केला. तिथं सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, पण तिनं उत्तर मराठीत दिलं, आमच्या मराठीत.

"बाय, चोर मी हाय. ही पोरगी नाय, तिला मीच आनली. माझ्या नवऱ्याला काय बी ठाव नव्हतं. कळलं तवा त्यानंच मला लाज वाटंल असं सांगितलं. पोलिसांत लिवायचं तर नोरा लिवा. गायकवाड लिवू नका."

अनघाताईंनी सबनीसांकडे पाहिलं.

आणि तेव्हा खुर्चीतून आवाज आला. जड, अडखळणारा, पण स्पष्ट.

"जावेनं... नाही."

सगळे वळले. सबनीसांच्या आई काकूकडे बघत होत्या. एक हात शालीतून बाहेर काढून त्यांनी बोट हलवलं. "मी तीनदा वाचलंय. माळीच." मग त्या बराच वेळ पुढच्या शब्दासाठी झगडल्या. "पण जावेनं केला असता... तर गोष्ट... जास्त बरी झाली असती."

सबनीस गुडघ्यांवर बसले आणि आईचा हात धरून रडायलाच लागले. महिनोन्महिने तिनं एक पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं.

मग हळूहळू उलगडलं. त्या आजी मुंबईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. कपाटातली सगळी पुस्तकं त्यांची होती, जन्मभर फुटपाथवरून वेचून आणलेली. मुलानं प्रेमानं ती इथं आणली, सजावटकारानं रंगांप्रमाणे लावली, आणि त्यातली त्यांची आवडती, खुनांची सगळी पिवळी पुस्तकं नेमकी सर्वांत वर गेली. चाकांच्या खुर्चीतली बाई रोज त्यांच्याकडे बघत बसायची. मागायला तोंडातून शब्द येत नव्हता. लोकांना वाटायचं, ती शून्यात बघते आहे.

"तुमी मला शिडीवर चढताना बघितलं व्हतं, पयल्या वेळी?" काकूनं विचारलं.

आजींनी मान हलवली. तोंडाची एक बाजू वर गेली. "म्हटलं... घे. कुणीतरी... घे."

त्यानंतर दर बुधवारी काकू कर्जतला जायची. शिडीवर चढून एक पिवळं पुस्तक काढायची, आजींच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, आणि परत ठेवताना मुद्दाम निळ्यांत ठेवायची. दोघी मिळून अनघाताईंचं इंद्रधनुष्य नासवत होत्या. अनघाताईंनी काही दिवस रंग सावरले, मग सोडून दिलं. पुढं पुढं त्याही पडद्यामागं उभ्या राहून ऐकायच्या, असं नर्सनं मला सांगितलं. आजी बोलू लागल्या, म्हणजे मुख्यतः भांडू लागल्या. वाचताना काकूनं कुणावर संशय घेतला की त्या म्हणायच्या, "मूर्ख आहेस." काकू ते घरी येऊन अभिमानानं सांगायची. इतक्या वर्षांत तिला इंग्रजी पुस्तकावरून मूर्ख म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

असं दीड वर्ष चाललं. मग एका थंडीत आजी झोपेतच गेल्या.

पंधरा दिवसांनी सबनीसांचा फोन आला. फार्महाउस विकत आहोत, आईची सगळी पुस्तकं तुम्ही न्या. काका आणि मी आनंदलो. काकू फोनवर म्हणाली, "नको."

"अहो, पण आईला तेच आवडलं असतं."

"दिलेलं मी घेत नाय," ती म्हणाली. "तिला पन आवडायचं नाय. ती बघत बसायची, मी चोरायची. आसं व्हतं आमचं."

पण सबनीस मोठे शहाणे निघाले. म्हणाले, "ठीक आहे. मंगळवारी बंगल्यावर कुणी नसेल. मागचं दार उघडं राहील, वॉचमनला डोळा लागायची सवय आहे. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

मंगळवारी मी पतपेढीत होते, त्यामुळे त्या चोरीत मी नव्हते. काका होते. गुडघे दुखत असताना, जन्मभर एका पैचा डाग लावून न घेतलेले सुधाकरकाका टेंपोवाल्याला घेऊन मागच्या दारानं शिरले. दुपारभर त्यांनी पोती भरली. वॉचमन खुर्चीत डोळे मिटून बसला होता, आणि एक पोतं फाटलं तेव्हा डोळे मिटूनच सुतळी पुढं केली, असं काका सांगतात.

पुढच्या पावसाळ्यात काकू आजारी पडली. फुप्फुसांत पाणी झालं. पनवेलला नेलं, आठवडाभर झुंजली आणि गेली. वंदना आमच्या विहारात झाली. तिची बहीण आयर्लंडहून फोनवर ऐकत होती. पुस्तकं काकांकडे आहेत. पाऊस सरला की काका ती गच्चीवर पसरून ऊन दाखवतात आणि वाळवीचं औषध फवारतात. वाचत नाहीत. आई म्हणते, पापडाची राखण केली नसेल कुणी एवढी.

आजारपणातला तिचा चेहरा मी आठवत नाही. मला आठवतो तो त्या मंगळवारचा. संध्याकाळी पतपेढीतून सुटून मी शिळफाट्याला पोचले तर ट्रॅफिक तुंबलेला. ट्रक, रिक्षा, हॉर्नचा गोंगाट. माझ्या पुढं एक उघडा टेंपो उभा होता. त्यात पोत्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर, डोक्याला रुमाल बांधून, मांडी घालून नोराकाकू बसली होती. मांडीवर एक पुस्तक उघडं. घरी पोचेपर्यंतही धीर नव्हता तिला. सूर्य समोर होता म्हणून पान तिरकं धरलं होतं, आणि वाऱ्यानं ते उलटू नये म्हणून अंगठ्यानं दाबून.

मी स्कूटी टेंपोला लागून उभी केली आणि हाक मारली, "काकू!"

तिनं मान वर केली. आधी मला, मग आजूबाजूच्या गर्दीला, मग टेंपोत पुढं बसलेल्या काकांच्या पाठीला तिनं नीट न्याहाळून घेतलं. सगळा शिळफाटा तिच्याकडे बघत होता. तिनं ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे डोळे वटारले, आणि पुन्हा खाली बघून वाचू लागली.